आग्वादचे दीपगृह : काही सनावळी व एका घंटेची साक्ष

मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली आगबोट रात्रभर कोकणची बंदरे मागे टाकीत दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीस लागत असे. पहाटेच्या अंधारात डेकवर पथारी टाकून पडलेली मंडळी एकेक करून उठू लागत, वळकट्या बांधल्या जात, आणि कोणीतरी कठड्याशी उभे राहून डाव्या हाताच्या काळोख्या डोंगराकडे बोट दाखवी. तेथे आग्वादचा दिवा दिसला म्हणजे गोवे आले. जत्रेला, पालखीला, कुळाचाराला मुंबईहून येणाऱ्या महाजन कुटुंबांच्या दोन-तीन पिढ्यांनी गावच्या देवळाच्या दीपमाळेआधी हा दिवा पाहिला आहे. ती आगबोट बंद होऊन आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला. दिवा मात्र आहे; तो एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्यावर गेला इतकेच.

या दीपगृहाविषयी जी माहिती ठिकठिकाणी छापलेली आढळते तिच्यात दोन विधाने हमखास असतात. एक, हे आशिया खंडातील सर्वांत जुने दीपगृह होय. दुसरे, ते 1864 साली बांधले गेले. आरंभी त्याचा प्रकाश सात मिनिटांतून एकदा दिसे आणि 1834 साली सुधारणा होऊन तो दर तीस सेकंदांनी दिसू लागला. ही वाक्ये एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात, तेथून मार्गदर्शकांच्या तोंडी आणि तेथून पुन्हा छापखान्यात अशी फिरत आली आहेत. 1864 साली जन्मलेल्या वास्तूची 1834 साली सुधारणा कशी झाली, हा साधा प्रश्न या प्रवासात कोणी विचारलेला दिसत नाही. आपल्या देवस्थानांचे स्थलांतर कोणत्या साली झाले, मूळ स्थान कोणते, जीर्णोद्धार कोणी केला, या प्रश्नांवर महाजनांच्या सभांतून तासन्‌तास वाद झडतात आणि जुनी दप्तरे बाहेर काढली जातात. तीच चिकित्सा या मनोऱ्याच्या वाट्यालाही यावयास हरकत नसावी.

प्रथम जागेचा विचार केला पाहिजे, कारण येथे जागा आधी आणि दिवा फार नंतर. मांडवी नदी समुद्रास मिळते तेथे दक्षिणेस काबोचे भूशिर, ज्यावर आज राजभवन आहे, आणि उत्तरेस आग्वादचे भूशिर. आग्वादचा डोंगर पश्चिमेस समुद्रात घुसलेला, दक्षिणेस मांडवीचे मुख, पूर्वेस नेरुलची खाडी. जमिनीशी त्याचा संबंध शिकेरी-कांदोळीच्या बाजूनेच. ‘आग्वाद’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थ पाणी भरून घेण्याची जागा. डोंगराच्या पोटात गोड्या पाण्याचे झरे होते आणि लिस्बनहून सहा-सहा महिने समुद्रावर काढून आलेल्या गलबतांस या पाण्याची किंमत सोन्याहून अधिक वाटत असली पाहिजे. साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये लिस्बन सोडणारी ही गलबते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास पोहोचत, आणि परतीच्या प्रवासापूर्वी पिंपे भरून घेत.

सतराव्या शतकाच्या आरंभी डच आरमार या किनाऱ्यावर दिसू लागले. मुखाशी तोफा नसतील तर गोव्याची राजधानी उघडी पडते, हे पोर्तुगीजांच्या ध्यानी आले आणि 1609 मध्ये आग्वादचा किल्ला बांधावयास घेतला गेला. 1612 साली, रुय लोरेन्सु द ताव्हर हा व्हाइसरॉय असताना तो पुरा झाला. किल्ल्यावरील शिलालेखात एक गोष्ट नमूद आहे ती महाजन मंडळींनी अवश्य ध्यानी घ्यावी. हा किल्ला राजाच्या खजिन्यातून नव्हे तर शहराने, व्यापारी मालावर बसविलेल्या एक टक्का कराच्या उत्पन्नातून बांधला. त्या काळी गोव्याच्या जकात नाक्यातून माल नेणाऱ्या-आणणाऱ्यांत हिंदू व्यापारी थोडेथोडके नव्हते. निरनिराळ्या करांच्या वसुलीचे मक्तेही हिंदू, आणि त्यांत विशेषेकरून सारस्वत, घेत असत. तिसवाडीतील देवळे पाडल्यास तेव्हा सत्तर वर्षे होत आली होती, सासष्टी-बार्देसातील देवळे पाडल्यास चाळीस-पंचेचाळीस. आग्वादच्या शेजारच्या कळंगूट गावची श्रीशांतादुर्गा डिचोली महालात नानोड्यास जाऊन राहिली, ती आजही ‘कळंगुटकरीण’ या मूळ गावच्या नावानेच पुजली जाते. ज्यांचे देव नदीपार गेले त्यांनीच पेठेत व्यापार चालू ठेवला आणि त्याच व्यापारावरच्या टक्क्यातून हा तट उभा राहिला. आग्वादचा किल्ला केवळ फिरंग्यांचा, असे म्हणणाऱ्यांनी आणि तो केवळ फिरंग्यांच्या पराक्रमाचे चिन्ह, असे म्हणणाऱ्यांनीही, तो शिलालेख वाचावा.

किल्ल्याचे दोन भाग. खालचा नदीकाठी, जेथे गलबते लागत, वरचा डोंगरमाथ्यावर. वरच्या भागात खडकात खोदलेला प्रचंड हौद आहे. त्याच्या छताला सोळा खांबांचा आधार असून त्यात सुमारे 23 लाख 76 हजार गॅलन पाणी मावे, असे सांगतात. एकोणऐंशी तोफांचा हा किल्ला होता. पुढे डच आरमाराने 1637 पासून काही वर्षे हंगामामागून हंगाम मुखाची नाकेबंदी केली, त्या काळात हा तट उपयोगी पडला. 1739 साली मराठ्यांनी व सावंतवाडीकर भोसल्यांनी बार्देस व्यापला तेव्हाही रेइश मागुश आणि आग्वाद हे दोन किल्ले तेवढे पोर्तुगीजांकडे राहिले. नेपोलियनच्या युद्धकाळात, 1799 पासून 1813 पर्यंत, इंग्रजांची पलटण येथे तळ देऊन होती.

इतका हा दोन शतकांचा इतिहास झाला. त्यात तोफा आहेत, पाणी आहे, नाकेबंदी आहे. दीपगृह हा किल्ल्याचा मुख्य अवयव म्हणून कोठे पुढे येत नाही. याचे नवल वाटण्याचे कारण नाही. शिडाचे जहाज अनोळखी मुखात रात्री शिरतच नसे. ते किनाऱ्यापासून दूर थांबे, उजाडले की तांडेल डोंगराची खूण ओळखी, आणि मग नदीचा वाटाड्या होडीतून येऊन त्यास आत नेई. त्यातही मांडवीचे मुख सरळ नाही. येथे वाळूचे दोन पट्टे आहेत, एक आग्वादचा आणि दुसरा आत रेइश मागुशपाशी. पावसाळ्यात आग्वादच्या पट्ट्यावर वाळू साचते, लाटा फुटू लागतात आणि मुख बंद होते. खनिजाच्या बार्जींस सुद्धा पावसाळ्यात मांडवीच्या मुखाने बाहेर न पडता कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीत उतरून मुरगाव गाठावे लागे. शिकेरीच्या डोंगरावर सांव लोरेंसचे देऊळ आहे. दहा ऑगस्टला त्याचे फेस्त होते आणि त्या सुमारास मुख उघडते अशी ख्रिस्ती नाखवे-मच्छीमारांची श्रद्धा. आपल्याकडील नारळी पौर्णिमाही याच दिवसांत येते. समुद्राला नारळ कोणी वाहो वा संताला मेणबत्ती कोणी लावो, वाळूचा पट्टा एकच आणि त्याची भीतीही एकच.

मग दिव्याची गरज केव्हा भासली? एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. जुने गोवे रोगराईने ओस पडून वस्ती व कारभार पणजीस सरकला आणि 1843 मध्ये पणजीस ‘नवे गोवे’ या नावाने राजधानीच्या शहराचा दर्जा मिळाला. दुसरी गोष्ट वाफेची. आगबोटीला वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही, तिला वेळापत्रक असते, आणि वेळापत्रक असले की रात्रीचे चालणे आले. रात्री चालणाऱ्या नौकेस किनारा कोठे आहे एवढे कळून भागत नाही. हा कोणता किनारा हे कळले पाहिजे.

येथेच त्या सात मिनिटांचा आणि तीस सेकंदांचा अर्थ समजून घ्यावयास हवा. दीपगृहाचा प्रकाश अखंड दिसत नाही, तो फिरतो आणि ठराविक अंतराने चमकतो. प्रत्येक दीपगृहाचे हे अंतर वेगळे ठेवलेले असते, म्हणजे खलाशी घड्याळ लावून ‘हे अमुक’ असे ओळखू शकतो. घड्याळासारखी चाके आणि त्यांना ओढणारे, साखळीने टांगलेले वजन, अशा यंत्राने दिवा फिरविला जाई. वजन तळाशी आले की रखवालदाराने ते किल्लीने पुन्हा वर चढवावयाचे. आता हिशेब करून पाहावा. ताशी दहा सागरी मैल चालणारी आगबोट सात मिनिटांत दोन किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर तोडते. म्हणजे एक चमक दिसल्यावर दुसरी दिसेपर्यंत नौका खडकावर जाऊन आदळण्यास पुरेसा अवधी. उलट तीस सेकंदांत ती दीडशे मीटरच पुढे सरकते. सात मिनिटांचा दिवा हा शिडांच्या, सावकाश थांबून राहणाऱ्या जहाजांच्या जमान्याला साजेसा. तीस सेकंदांचा दिवा हा आगबोटींच्या जमान्याचा. एवढे ध्यानी घेतले की दोन्ही अंतरे खरी असू शकतात, पण त्यांना जोडलेला सनांचा क्रम खरा असू शकत नाही, हे उघड होते.

या गुंत्यात साक्षीदार म्हणून उभी राहते ती एक घंटा.

जुन्या गोव्यात मोंते सांत टेकडीवर ऑगस्टीन पंथीयांचा प्रचंड मठ व चर्च होते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते काम सुरू होऊन 1602 मध्ये पुरे झाले. 1835 साली गोव्यातील धार्मिक पंथांची हकालपट्टी झाली, मठ रिकामा पडला, आणि रिकाम्या वास्तूचे जे होते ते झाले. 1842 साली चर्चची कमान कोसळली. 1931 मध्ये दर्शनी भाग व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. आज सुमारे शेहेचाळीस मीटर उंचीचा जांभ्या दगडाचा अर्धाच मनोरा तेथे उभा दिसतो. याच मनोऱ्यात एक मोठी घंटा होती, वजन सुमारे सव्वादोन हजार किलो. गोव्यात तिच्याहून मोठी एकच, जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधील ‘सोन्याची घंटा’. ऑगस्टीन मठातील ही घंटा 1841 मध्ये, म्हणजे कमान पडण्याच्या जेमतेम वर्षभर आधी, आग्वादच्या दीपगृहात आणून टांगली गेली. तेथे ती 1871 पर्यंत होती. त्या साली ती पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये नेली गेली आणि तिच्यासाठी चर्चच्या दर्शनी भागाच्या मधोमध घंटाघर उभारले गेले. पणजीच्या त्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्यांच्या चर्चच्या माथ्यावर आज जी मोठी घंटा दिसते ती हीच.

घंटा 1841 मध्ये आग्वादच्या दीपगृहात आली असेल तर 1841 मध्ये तेथे दीपगृह होते. सव्वादोन हजार किलोंची घंटा आभाळाला टांगता येत नाही. यावरून असा निष्कर्ष काढणे रास्त ठरते की आज दिसणारा मनोरा 1864 चा असला तरी त्या माथ्यावर दिव्याची व घंटेची व्यवस्था त्याआधीपासून होती, आणि 1834 हा आकडा जर खरोखरच कोणा जुन्या नोंदीतून आला असेल तर तो त्या पूर्वीच्या व्यवस्थेचा असला पाहिजे. नसेल, तर तो छापखान्यातील अंकांची चूक. तीनच्या जागी सहा वा सहाच्या जागी तीन पडावयास वेळ लागत नाही. काहीही असले तरी ‘1864 साली बांधलेल्या दीपगृहात 1834 साली’ हे वाक्य यापुढे कोणी छापू नये.

घंटेचे दीपगृहात काय काम, असे कोणी विचारील. ज्याने जून-जुलैमध्ये मांडवीच्या मुखाकडे पाहिले आहे तो विचारणार नाही. धुवांधार सरी कोसळू लागल्या की हातभर अंतरावरचे दिसत नाही, मग डोंगरावरचा तेलाचा दिवा कोठून दिसणार? अशा वेळी डोळ्यांचे काम कानांनी करावयाचे. जगातील अनेक जुन्या दीपगृहांत याच कारणाने घंटा असत, पुढे भोंगे आले. तीस वर्षे या घंटेने समुद्रावरच्या माणसांसाठी आवाज दिला. मठातून डोंगरावर, डोंगरावरून शहरात, असे तिचे दोनदा घर बदलले. मूळ स्थान सुटलेल्या दैवतांच्या कथा ज्यांच्या घराण्यांत सांगितल्या जातात त्यांना या घंटेचा प्रवास परका वाटू नये.

आता ‘आशियातील सर्वांत जुने’ या दाव्याकडे वळावयाचे. हा दावा टिकत नाही. मद्रासेस 1796 मध्येच किल्ल्यातील इमारतीच्या माथ्यावर दिवा लागला होता, आणि 1844 मध्ये तेथे स्वतंत्र दगडी स्तंभ कार्यरत झाला, तो आजही उच्च न्यायालयाच्या आवारात उभा आहे. ओरिसाच्या किनाऱ्यावर फॉल्स पॉइंटचे दीपगृह 1838 चे. सिंगापूरच्या सामुद्रधुनीच्या पूर्वतोंडाशी हॉर्सबर्ग दीपगृह 1851 मध्ये व पश्चिमेस रॅफल्स दीपगृह 1855 मध्ये उभे राहिले. केरळात आलप्पुळा येथे 1862 मध्ये मलबारच्या किनाऱ्यावरचा दिवा खोबरेल तेलावर जळू लागला. आणि प्राचीनच म्हणावयाचे तर महाबलिपुरमच्या टेकडीवर पल्लवकालीन ओलक्कणेश्वराचे शिवमंदिर आहे. त्याच्या छतावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी जहाजांसाठी दिवा ठेवला होता आणि पुढे शेजारी नवा मनोरा झाल्यावर तो तेथून हलविला. देवळाच्या माथ्यावर दीपगृह, ही गोष्ट देवस्थानच्या स्मरणिकेत नोंदवून ठेवण्याजोगी आहे. असो.

मात्र आग्वादचा 1864 चा मनोरा एकाकी नव्हता, आणि यातच त्याचे खरे महत्त्व आहे. पोर्तुगीजांच्याच मकाव वसाहतीत ग्विया टेकडीवरील दीपगृह 24 सप्टेंबर 1865 रोजी प्रथम प्रज्वलित झाले. चीनच्या किनाऱ्यावरील ते पहिले पाश्चात्त्य पद्धतीचे दीपगृह मानले जाते. गोव्याच्या उत्तरेस मुंबई बंदराच्या दक्षिणेला खांदेरीचे दीपगृह 1867 मध्ये आणि कुलाब्याजवळ खडकावरचे प्राँग्ज दीपगृह 1875 मध्ये तयार झाले. दक्षिणेस कारवारसमोरील बेटावरही 1860 च्याच दशकात दिवा लागला. म्हणजे दहा-बारा वर्षांच्या आत मुंबईपासून कारवारपर्यंतचा किनारा उजळत गेला. सुवेझचा कालवा 1869 मध्ये खुला झाला त्यासुमारास ही दिव्यांची माळ गुंफली जात होती. आग्वादचा मणी त्या माळेतील आरंभीच्या मण्यांपैकी एक. ‘आशियातील पहिला’ असे न म्हणताही ही काही लहान गोष्ट नव्हे.

मनोरा पाहावयास गेलेल्या माणसाची प्रथम किंचित निराशा होते. दीपगृह म्हणजे आकाशात गेलेला सडपातळ स्तंभ, अशी कल्पना मनात असते. येथे समोर येतो तो चार टप्प्यांचा, गोलाकार, पांढरा, बुटका बुरुज आणि त्याच्या डोक्यावर दिव्याची काचघर-कोठी. परंतु उंची मनोऱ्याला डोंगराने दिलेली आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे दिवा जितका उंच तितका तो दुरून दिसणार. समुद्रसपाटीपासून पंचवीस मीटरांवरच्या दिव्याची क्षितिजरेषा सुमारे अठरा किलोमीटरांवर असते, तर ऐंशी मीटरांवरच्या दिव्याची सुमारे बत्तीस किलोमीटरांवर. ज्याला डोंगरमाथा आयता मिळाला त्याने आणखी उंच चुनेगच्ची चढवून तोफांच्या व विजेच्या माऱ्याला तोंड का द्यावे? सपाट वाळूवर उभ्या राहणाऱ्या दीपगृहांस उंच व्हावेच लागते, आग्वादला ती गरज नव्हती.

दिव्याच्या पाठीमागचे शास्त्रही याच शतकातले. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने 1820 च्या दशकात असे भिंग तयार केले की ज्यात काचेची अनेक वर्तुळाकार त्रिकोणी कडी एकाभोवती एक बसविलेली असतात. जाड अखंड भिंगात प्रकाश जिरतो. या कड्यांतून तो वाया न जाता एका सरळ झोतात बाहेर पडतो. साध्या तेलवातीच्या ज्योतीचा झोत मैलोगणती दूर नेणारी ही युक्ती जगभर पसरली आणि एकोणिसाव्या शतकातील बहुतेक दीपगृहे तिच्यावर उभी राहिली. श्रीमंगेशीची सात टप्प्यांची दीपमाळ जत्रेच्या रात्री उजळते तेव्हा शेकडो वाती असतात आणि प्रकाश चोहोकडे पसरतो. दीपगृहात वात एकच असली तरी काच तिला शेकडोंचे बळ देते. दीपमाळेचा दिवा पाहणारा आधीच देवळाच्या प्रांगणात पोहोचलेला असतो, दीपगृहाचा दिवा पाहणारा अजून पाण्यावर असतो, हा फरक आहेच. परंतु वात, तेल आणि रात्रभर जागणारा माणूस ही तिन्ही ठिकाणी सारखीच लागतात. देवळातील वात लावणारे घराणे वतनाच्या कागदांत नावाने सापडते, फारोलाचा रखवालदार मात्र पगारपत्रकाबाहेर कोठे उरत नाही. ‘फारोल’ हा पोर्तुगीज शब्द, जो गोव्याच्या बोलीतही रुळला, अलेक्झांड्रियासमोरील फारोस बेटावरच्या प्राचीन दीपगृहावरून आला आहे.

डोंगराच्या माथ्यावर दिवा फिरत असता पायथ्याशी नदीकाठच्या खालच्या किल्ल्यात तुरुंग होता, हे विसरून या वास्तूचा इतिहास लिहिता येणार नाही. सालाझारच्या राजवटीत राजकीय कैद्यांस येथे डांबले जाई. 1946 मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांस दुसऱ्या खेपेस गोव्यात शिरताच पकडून आग्वादमध्ये ठेवले गेले. त्याच वर्षी त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्य यांस लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरील पेनिश किल्ल्यात पाठविले गेले, तत्पूर्वी तेही आग्वादच्याच कोठडीत होते. 1955 च्या सत्याग्रहानंतर ना. ग. गोरे, मधू लिमये आणि इतर अनेक सत्याग्रही येथे राहिले. परदेशी जहाजांना वाट दाखविणारा दिवा आणि स्वदेशातील माणसांची वाट अडविणारी भिंत, दोन्ही एकाच तटात. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्त होत असता या कैद्यांस सोडविण्यासाठी भारतीय सेनेची तुकडी आग्वादवर गेली. किल्ल्यातील शिबंदीस शरणागतीचा हुकूम पोहोचला नव्हता, तिने गोळीबार केला, आणि मेजर शिवदेव सिंग सिद्धू व कॅप्टन विनोद सेहगल हे दोन अधिकारी तेथे धारातीर्थी पडले. आग्वादचे नाव काढताच पुष्कळांस समुद्रकिनाराच तेवढा आठवतो; ही दोन नावे आठवणारे थोडे. तुरुंग पुढेही चालू राहिला. 2015 मध्ये कैद्यांस कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलविले गेले, आणि दुरुस्तीनंतर डिसेंबर 2021 मध्ये ती वास्तू स्मारक व संग्रहालय म्हणून लोकांस खुली झाली.

मुक्तीनंतर दीपगृह केंद्र सरकारच्या दीपगृह विभागाच्या अखत्यारीत आले. भारतातील दीपगृहांचा कायदा 1927 चा. त्याची जागा 2021 मध्ये नव्या कायद्याने घेतली, आणि त्या कायद्याच्या नावातून ‘दीपगृह’ हा शब्दच गेला. ‘सागरी नौकानयनाची साधने’ असा व्यापक शब्द आला, कारण उपग्रहावरून नौकेस स्वतःचा ठावठिकाणा कळू लागला आहे. आग्वादच्या जुन्या मनोऱ्याची सेवा 1976 मध्ये संपली. त्या साली जवळच सिमेंट-काँक्रीटचा, सुमारे एकवीस मीटर उंचीचा नवा मनोरा कार्यान्वित झाला आणि दिवा तिकडे गेला. जुना मनोरा पाडला गेला नाही, हे चांगले झाले. वरचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तो टिकून आहे. नव्या मनोऱ्यास कोणी सुंदर म्हणणार नाही, पण काम तोच करतो.

दिव्याची शक्ती किती आणि मर्यादा किती, याचे एक उदाहरण याच डोंगराखाली घडले. 6 जून 2000 रोजी ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे मोठे खनिजवाहू जहाज वादळात नांगर सुटून शिकेरी-कांदोळीच्या वाळूत येऊन रुतले. वर दिवा नेहमीप्रमाणे फिरत होता. परंतु ज्या जहाजाला नांगर धरून ठेवू शकला नाही त्यास दिवा काय करणार? ते धूड बारा वर्षे तेथेच गंजत पडले, त्याच्याभोवती किनाऱ्याची वाळू सरकली, निविदा निघाल्या, मोडल्या, पुन्हा निघाल्या. 2012 मध्ये त्याचे तुकडे करून ते एकदाचे काढून नेले गेले. त्या बारा वर्षांत आग्वादच्या माथ्यावर उभे राहून जुना मनोरा पाहणाऱ्यास खाली समुद्रात तेही दिसत असे. आता तेथे नुसते पाणी आहे, आणि ऑगस्टच्या मध्यास वाळूचा पट्टा मोकळा झाला म्हणजे होड्या पुन्हा मुखाबाहेर पडू लागतात.